नव्या बांधाला लाखो, जुन्याच्या रबरी पट्टीला छदाम नाही: जलसंधारणाचा निधी कोणाच्या हातात द्यावा?

शिवारफेरी (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा आहे, दहा गाळ्यांचा. पावसाळा सरताना खांबांमधल्या या मोकळ्या गाळ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढून ठेवायचे, एवढंच त्याचं पथ्य. तीन वर्षं झाली, बर्ग्यांची रबरी पट्टी कुजून गेली. चार बर्गे भंगारात गेले. कोणी नेले ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. मग दर ऑक्टोबरात आम्ही खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून गाळे बुजवतो, फटींत चिखल आणि कडबा कोंबतो. तरी संक्रांतीला तळ दिसतो.

रबर, चार बर्गे आणि मजुरी, सगळं मिळून लाखाच्या आतलं काम. ग्रामपंचायत म्हणाली, "बंधारा आमच्याकडे हस्तांतरितच झालेला नाही." तालुक्याच्या कचेरीतले साहेब भले होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "देखभालीचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातंच, नाही हो. नवीन कामाचा प्रस्ताव द्या, बसवतो." आणि बसवलं की! त्याच ओढ्यावर अर्धा किलोमीटर वर नवाकोरा सिमेंट नालाबांध. उद्घाटनाचा फ्लेक्स अजून फडफडतोय.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. आपल्याकडे सरकारी पैसा खोदायला येतो, राखायला येत नाही. राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची म्हणून. २०२० साली कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात फारसं यश दिसलं नाही, असं त्यात म्हटलं. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर चिखलफेक झाली, ती इथे नको. मला त्यातल्या पैशाच्या प्रवासात रस आहे. आराखडा गावाचा म्हणायचा, अंदाजपत्रक खात्याचं, ठेका तिसऱ्याचा, आणि मार्चएंडला मोजमाप पुस्तिका भरली की बांध पोरका.

मला सुचतं ते असं. एका ओढ्यावरच्या तीन-चार गावांचं मिळून एक पाणलोट मंडळ असावं. योजनेपुरती समिती नव्हे, कायमचं मंडळ, निवडून आलेलं. राज्याने त्याला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, थोडी दिली तरी चालेल पण न चुकता. त्यातला एक तृतीयांश देखभालीलाच राखीव. आणि लोकांचा वाटा हवा, फुकट नको. हे काही आकाशातून पडलेलं नाही. केंद्राच्या आधीच्या एकात्मिक पाणलोट कार्यक्रमात खाजगी जमिनीवरच्या कामाला शेतकऱ्याने १० टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि लहान शेतकऱ्यांनी ५ टक्के) भरायचे आणि त्यातून पाणलोट विकास निधी उभा राहायचा, पुढच्या डागडुजीसाठी. कागदावर उत्तम. आमच्या शेजारच्या गावात त्या निधीचं खातं आजही बँकेत आहे. प्रकल्प संपला, समिती संपली, आणि सहीचा अधिकार असलेले अध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहतात.

म्हणून म्हणतो, समिती योजनेसोबत मरता कामा नये. बोला.

---

खिलार

+१. फ्लेक्सच्या पैशात रबर आलं असतं.

---

निवृत्त उपअभियंता

शिवारफेरी, कळकळ पोचली, पण उपाय अजिबात पटला नाही. एकतीस वर्षं याच कामात घालवली आहेत, त्यामुळे थोडं तिखट लिहितो.

एका गावाला आम्ही माती नालाबांध बांधून दिला. गावकऱ्यांना वाटलं, सांडव्यावरून (जादा पाणी जायच्या वाटेवरून) पाणी फुकट वाहून जातंय. त्यांनी सांडव्याच्या तोंडावर फूटभर दगड-माती रचली. हेतू चांगलाच होता, फूटभर पाणी जास्त साठेल. भाद्रपदात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. पाण्याला जायला वाट नाही, ते बाजूच्या कच्च्या काठाने निघालं. सकाळी बांध जागेवर शाबूत उभा होता, ओढा मात्र त्याला वळसा घालून पलीकडच्या वावरातून वाहत होता. दीड-दोन एकर काळी माती गेली, खाली मुरूम उघडा. ज्याची गेली तो सांडवा बुजवणाऱ्यांत नव्हताच. पाणी अडवायची हौस सगळ्यांना असते हो, सोडायचं गणित कोणाला करायचं नसतं.

तुमच्या मंडळात ते गणित कोण करणार? ठेकेदाराचा मेहुणा?

दुसरं उदाहरण नाला खोलीकरणाचं. तीन मीटरच्या खाली जाऊ नका, ही मर्यादा शासनानेच घातली होती. पोकलेन तासावर चालतो. मालकाला तास हवेत, गावाला खड्डा खोल दिसायला हवा, दोघं खूश. खालचा खडक फोडून भूजल उघड्यावर आणलं तर ते उन्हात उडून जातं, हे सांगणारा कोणीतरी बाहेरचा लागतो. बाहेरचा म्हणजे ज्याला त्या गावात मत मागायचं नाही असा.

आणि कॅगचं म्हणाल तर त्यांनी सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासली. तेवढ्यावर सगळ्या राज्याचा निकाल लावू नका. देखभालीला पैसा नाही हे मात्र शंभर टक्के खरं, तिथे वाद नाही. आम्ही दरवर्षी मागायचो.

---

रानभाजी

उपअभियंता काका आणि शिवारफेरी दादा, तुम्ही दोघं खाते विरुद्ध गाव असं भांडताय. गाव म्हणजे कोण, तेवढं आधी सांगा.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर होती. पाटीने माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची, आठवड्याला मजुरी. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरीची गोष्ट ती मरेपर्यंत सांगायची. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्या कामाला हक्काचं रूप आलं. तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाला सात विहिरी आहेत आणि त्या सातही विहिरींशी माझ्या माहेरचा काही संबंध नाही, कारण आम्हाला जमीनच नाही. पण आजीला निदान दाम मिळाला.

आता काय झालंय? श्रमदान. पहाटे उठून टोपली-फावडं घेऊन सगळं गाव माळावर, ड्रोनने फोटो. मीही गेलेय, खोटं बोलत नाही, त्या सकाळी फार छान वाटतं. पण चर खणला माझ्या नवऱ्याने आणि पाणी चढलं पाटलांच्या विहिरीला. आमच्या वाट्याला काय, तर चराईबंदी. तीन शेळ्या विकाव्या लागल्या. तुमच्या मंडळाचा "लोकवाटा" म्हणजे पुन्हा आमचे हातच ना?

वाटा मागायचा तर पाण्यातही द्या. पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, माणसांच्या डोक्यामागे दिलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. ते मंडळ असेल तर मी पहिली सभासद.

---

खिलार

शेळ्यांचं पटलं. आमच्याकडे चराईबंदी झाली तेव्हा मेंढपाळांना कोणी विचारलंच नव्हतं.

---

मिझुरीकर

रात्रीचे अडीच वाजलेत इथे, पण राहवत नाही. मी अमेरिकेत मिझुरी राज्यात असतो, मूळ बार्शी तालुक्यातला. शिवारफेरी म्हणतात तसली मंडळं इथे खरोखर आहेत. १९३० च्या दशकात इकडे धुळीच्या वादळांनी शेतजमिनी उडवल्या. त्यानंतर राज्यांनी कायदे केले आणि १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पहिलं मृद संधारण मंडळ निघालं. आज देशभरात अशी सुमारे तीन हजार मंडळं आहेत. आमच्या मिझुरीत ११४ काउंट्या, प्रत्येकीला एक.

गंमत पैशाची आहे. १९८४ मध्ये इथल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, एक टक्क्याचा दहावा भाग. म्हणजे दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. त्यातला अर्धा राज्याच्या उद्यानांना, अर्धा माती-पाण्याला. दर काही वर्षांनी तो पुन्हा मताला टाकतात आणि लोक पुन्हा होकार देतात, शेवटचा २०१६ ला. म्हणजे वाण्याकडे साबण घेणारा शहरी माणूसही बांधाला पैसे देतो.

शेतकऱ्याला मंडळाकडून कामाच्या खर्चाचा साधारण पाऊण हिस्सा मिळतो, पण काम झाल्यावर. तंत्रज्ञ आधी आखणी करून देतो, नंतर येऊन मोजतो, मग चेक. आणि ते काम ठरलेली वर्षं, बहुतेकदा दहा, राखायचं लिहून द्यावं लागतं. मधेच मोडलं तर पैसे परत. माझ्या शेजाऱ्याने उतारावर मजगी (उताराला आडवे बांध) घातल्या आहेत. त्यांच्या काठावर नांगर लागू नये म्हणून तो ट्रॅक्टर असा जपून वळवतो, जणू घरच्या ओट्यावरून चाललाय.

---

निवृत्त उपअभियंता

मिझुरीकर, वाचायला गोड आहे. पण तुमच्या शेजाऱ्याकडे किती एकर? महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार. एका मजगीच्या लांबीत आमचे नऊ खातेदार येतात. त्यातले दोघे कोर्टात, एक मुंबईला आणि एका सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव. "काम करा, मग पैसे देतो" म्हटलं तर अर्धा एकरवाला आधी पैसे आणणार कुठून? सावकाराकडून?

---

रानभाजी

मिझुरीकर दादा, तुमच्या त्या मंडळाला मत कोण देतं?

---

मिझुरीकर

जमीनमालक. (तुम्ही पुढे काय म्हणणार ते कळलं.)

---

रानभाजी

मग म्हणत नाही. 🙂

---

लेखाशीर्ष

मी याच टेबलावर बसतो, म्हणून नावाने लिहीत नाही.

देखभालीला पैसा का नसतो, ते सांगतो. नवीन काम म्हणजे मत्ता. त्याची प्रशासकीय मान्यता निघते, नारळ फुटतो, प्रगती अहवालात एक आकडा वाढतो. दुरुस्ती म्हणजे नुसता खर्च. त्यात भर म्हणजे मालकीचा घोळ. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेची, त्यावरची जलसंधारण खात्याची, शेतातले बांध कृषी खात्याचे, डोंगरावरचे चर वन खात्याचे. १९९२ ला जलसंधारण खातं निघालं, २०१७ ला मृद व जलसंधारण असं स्वतंत्र झालं, तरी ओढ्याला ते ठाऊक नाही. तो चारही हद्दींतून वाहतो.

दादांच्या मंडळाबद्दल माझी भीती वेगळी आहे. पैसा जिथे जातो तिथे लेखापरीक्षण जातं. ग्रामसेवक आजच इतका धास्तावलेला असतो की खर्चायच्या रकमेवर तो व्याज गोळा करत बसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के निधी बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) होता, त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापर यांसाठी. त्या "पाऊसपाणी साठवण" या दोन शब्दांत तुमची रबरी पट्टी बसवता येईल असं मला वाटतं. पण त्यावर सही करायला छाती लागते. सोपं काय? आरओचं मशीन. बिल एक, फोटो एक, आक्षेप शून्य.

एक जमेची बाजूही सांगतो. गाळमुक्त धरण योजनेत अल्पभूधारकाला गाळ वाहून नेल्याबद्दल एकरी १५ हजार, अडीच एकरांपर्यंत म्हणजे ३७,५०० रुपये द्यायचं ठरलं. गाळ मोजायचा आणि पैसे थेट द्यायचे. म्हणजे काम मोजून छोट्या माणसाला पैसे देणं आपल्या यंत्रणेला अशक्य नाही. उपअभियंता साहेबांनी तेवढं तरी मानावं.

---

आठशे फूट

अख्खा धागा वाचला. सगळे माठाचं तोंड केवढं असावं यावर भांडताय आणि बुडाला भोक आहे.

माझ्या बांधाला बांध लागून ज्याचं वावर आहे त्याने गेल्या वर्षी आठशे फुटांची बोअर घेतली. त्याच्या आदल्या वर्षी सहाशेची. २००९ च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरच्या खाली जायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, तो हसेल. वरून तुम्ही चर खणा, बांध घाला, मंडळ करा नाहीतर कमंडलू घ्या, खालून तो उसाला उपसणार. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने आधी शेतीच्या बोअरवर बंदी घातली, उसाला नाही म्हटलं आणि दरवर्षी गावासमोर पाण्याचा ताळेबंद मांडला. नंतरचं सगळं त्यामुळे टिकलं. पैशामुळे नव्हे.

निधी कोणाला द्यायचा हा प्रश्नच चुकीचा आहे. निधी कोणाला द्यायचा नाही ते ठरवा.

---

खिलार

हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवार होते. आमच्याकडे जे आहेत ते आहेत.

---

निवृत्त उपअभियंता

खिलार, हेच तर. दर वेळी राळेगण, हिवरे बाजार, कडवंची. चाळीस हजारांच्या वर गावं असलेल्या राज्यात बोटावर मोजायची नावं आपण तीस वर्षं घोकतोय. योजना चांगल्या सरपंचासाठी नसते, साधारण सरपंचासाठी असते. माझी सगळी भीती त्या साधारण सरपंचाची आहे.

---

शिवारफेरी (धागाकर्ता)

दोन दिवस ज्वारीची काढणी होती, आज मोबाईल हातात घेतला.

साहेब, सांडव्याची गोष्ट वाचून आमच्या घरात शांतता पसरली, कारण आमच्या वडिलांनीही तो उद्योग एकदा केला आहे. तेव्हा एवढं मागे घेतो: आखणी आणि सांडवा मंडळाच्या हातात नको. मंडळाचा स्वतःचा अभियंता असावा असं माझ्या मनात होतं, पण त्याचा पगार मंडळच देणार असेल तर तो मेहुणाच निघेल, हेही खरं. पगार राज्याचा आणि हजेरी ओढ्यावर, असं काही जमतं का बघा.

पण एक सांगा. साधारण सरपंचाची भीती घालता, मग साधारण कचेरीची नको का घालायला? तुमच्यासारखा एखादा तीन मीटरला पोकलेन थांबवणारा असेल. आमच्या वाट्याला आला त्याने बाभळीखाली गाडीत बसून मोजमाप पुस्तिका भरली. त्याला आम्ही काय करू शकलो? काही नाही, त्याची बदली झाली. सरपंचाला निदान पाच वर्षांनी पाडता येतं आणि रोज चावडीवर तोंड दाखवावं लागतं.

आठशे फूट, तुमचं दुखणं खरं आहे. म्हणून तर मला गावापेक्षा ओढा धरायचाय. वरच्या गावाने बोअरबंदीचा ठराव केला आणि खालच्याने नाही केला, तर वरचा मूर्ख ठरतो. तीन गावांनी मिळून ताळेबंद मांडला तरच पुढच्या वर्षीचा हप्ता, अशी अट घाला. केंद्राच्या अटल भूजल योजनेत काहीसं असंच होतं, सात राज्यांना मिळून सहा हजार कोटी, आणि त्यातला एक भाग काय साधलं ते बघून. तिचं पाण्याचं अंदाजपत्रक आमच्या पाहुण्यांच्या गावात भिंतीवर रंगवलेलं पाहिलं. खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, "उसाचा रकाना कुठाय?" तो लिहिणारा मंडळावर पाहिजे.

रानभाजीताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नायगावसारखं डोक्यामागे पाणी, हे आमच्या गावात मी मांडलं तर माझे चुलतेच आधी उठून जातील. मांडू नये असं म्हणत नाही. पण "पाणी सगळ्यांचं" असं लिहून मोकळं व्हायचं आणि आतून सात विहिरींचंच राखायचं, ते मला जमणार नाही, म्हणून सरळ सांगतो.

---

रानभाजी

सरळ सांगितलंत, बरं वाटलं. पण मग लोकवाट्याचा नियमही सरळ लिहा: ज्याच्या विहिरीला पाणी चढतं त्याने वाटा पैशात द्यायचा, आणि ज्याला जमीन नाही त्याने खणलं तर त्याला मजुरी. दोन ओळी आहेत.

---

लेखाशीर्ष

या दोन ओळींवर कोणीही आक्षेप काढू शकणार नाही. शासन निर्णयात आल्या तर मी पेढे वाटीन.

---

आठशे फूट

विहिरीला पाणी किती चढलं ते मोजणार कोण? तिथेच मारामारी होणार.

---

निवृत्त उपअभियंता

ते मोजता येतं. भूजल सर्वेक्षणवाले वर्षानुवर्षं निरीक्षण विहिरींत टेप सोडत आले आहेत. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यातही. गावातल्या बारावीच्या पोराला अर्ध्या तासात शिकवता येईल. यात अभियंता लागत नाही, हे मीच सांगतोय, लिहून घ्या.

शिवारफेरी, बाकी तुमचं मंडळ मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण त्या बंधाऱ्याच्या गाळ्याची रुंदी आणि खाचेचं माप टाका. रबर उभ्या कडांना होतं की तळालाही, तेही बघा. तळाचं गेलं असेल तर नुसते बर्गे बदलून उपयोग नाही, आधी खालचा उंबरठा साफ करून सपाट करावा लागतो.

---

शिवारफेरी (धागाकर्ता)

सकाळी टेप घेऊन जातो. तळाला होतं की नाही ते आत्ता नाही सांगता येणार, उंबरठ्यावर हातभर गाळ आहे.

---

रानभाजी

गाळ काढायला बायका बोलवाल ना? मजुरी धरा.